परतीच्या खिडकीपाशी धाकटी

धाकटीचा दिवस पहाटे चार वाजता सुरू व्हायचा. गजराचं घड्याळ तिच्या उशाशी असायचं, पण जाग आम्हाला यायची, कारण मधली भिंत पातळ होती. ती उठायची, तोंडावर पाणी मारायची, रबरी बूट चढवायची आणि आवाज न करता जिना उतरायची. आवाज होत नाही तो बुटांमुळे, तिच्या सभ्यपणामुळे नव्हे, असं माझी बायको म्हणायची.

धाकटी म्हणजे माझी मेहुणी, बायकोची धाकटी बहीण. सासू-सासरे गेल्यावर ती आमच्याकडेच राहायला आली. पहाटे ती एका कचेरीच्या इमारतीतल्या फरशा पुसायची. फरशी पुसणं मला कळतं. बरेच लोक पाणी फिरवतात आणि त्यालाच पुसणं म्हणतात. मी एकदा तिला न्यायला गेलो तेव्हा ती गुडघ्यांवर बसून कोपऱ्यातली माती फडक्याच्या टोकानं काढत होती. तो कोपरा कुणी बघणार नव्हतं. त्यानंतर तिच्या कामाबद्दल मी कधी शंका घेतली नाही. फक्त एकदा घेतली, ते पुढे येईल.

या कमाईचं ती काय करायची, हे ऐकून लोक हसायचे. फरशा झाल्या की ती एका म्हाताऱ्या डॉक्टरीणबाईंकडे जायची, तिथल्या कोचावर आडवी पडायची, मनात येईल ते बोलायची आणि त्याचे पैसे देऊन यायची. ती मनोविश्लेषण शिकत होती. माणूस जे बोलतो त्याच्या तळाशी काय चाललंय ते ऐकायची विद्या. ती शिकायची तर आधी स्वतः वर्षानुवर्षं कोचावर पडून बोलावं लागतं, असा त्यांच्याकडे नियम. मला नियम पटला. वेल्डिंग शिकवणाऱ्याचा हात आधी भाजलेला असावा. बायकोला मात्र अजिबात पटला नाही.

"पैसे देऊन वर आपणच बोलायचं? मी फुकट ऐकते की."

"ताई, तू ऐकत नाहीस. तू उत्तर देतेस."

"मग विचारल्यावर उत्तर द्यायचं नाही?"

"मी विचारलेलंच नसतं गं."

"बघितलंत?" बायको माझ्याकडे वळली. "शिकल्यावर अशा बोलतात."

धाकटीला एकच गोष्ट हवी होती. आपली एक खोली, आणि त्यात आपला एक कोच. पण तिला केवळ खोलीत बसून एकेका माणसाचं ऐकायचं नव्हतं. ती म्हणायची, "भावोजी, माणूस एकटा आजारी पडतो तसा कारखानाही पडतो. कचेरीही पडते. तिथे जाऊन ऐकणारं कुणी नसतं." मी म्हणायचो, कारखान्याला ऐकू येत नाही, तो फक्त आवाज करतो. ती म्हणायची, तोच ऐकायचा.

मी स्वतः मोठ्या हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीत रोलरवर होतो, म्हणजे ओल्या चादरी वाळवून इस्त्री करणाऱ्या तापलेल्या यंत्रावर. घरगुती कपडे धुतात तसली लॉन्ड्री नव्हे. चादरी, अभ्रे, टॉवेल, ऑपरेशनचे हिरवे कपडे, दिवसभर. इमारतीच्या मधोमध एक भिंत होती आणि त्या भिंतीतच मोठाली यंत्रं बसवलेली होती. प्रत्येक यंत्राला दोन दारं. मळकं तिकडच्या दारानं आत जायचं, धुतलेलं इकडच्या दारानं बाहेर यायचं. मळक्या बाजूच्या माणसाला धुतल्या बाजूला यायचं असेल तर अंघोळ करून, कपडे बदलून यावं लागे. नियम जंतूंसाठी होता आणि चांगला होता.

आम्ही तो माणसांनाही लावला. येण्याजाण्याची फाटकं दोन, चहाच्या खोल्या दोन. बसथांब्यावरसुद्धा मळक्या बाजूचे लोक खांबाच्या पलीकडे उभे राहायचे आणि धुतल्या बाजूचे अलीकडे. तसं कुणी सांगितलेलं नव्हतं. पावसातही अलीकडच्यानं पलीकडच्याला छत्रीत घेतलेलं मी पाहिलं नाही.

दोन्ही बाजूंचा संबंध यायचा तो एका खिडकीतून. तिला आम्ही परतीची खिडकी म्हणायचो. घडीच्या टेबलावर खालून दिवा लावलेला होता. चादर त्याच्यावर पसरायची, डाग दिसला तर मेणाच्या पेन्सिलीनं त्याच्याभोवती गोल काढायचा, चादर खिडकीतून पलीकडे ढकलायची आणि घंटी वाजवायची. बोलायचं नाही. घंटी वाजली की पलीकडच्या माणसानं समजायचं की आपण नीट धुतलेलं नाही.

टेबलावर आत्या होती. सगळ्यांचीच आत्या, मॅनेजरबाईसुद्धा तिला आत्याच म्हणायच्या. काटकुळी, चष्मा दोरीला बांधलेला, नजर अशी की मुंगीलाही खाली मान घालावी लागेल. पलीकडे पहिलवान होता. ओल्या पिशव्या उशीसारख्या उचलायचा आणि त्याचं पुटपुटणंही भिंतीपार ऐकू यायचं.

झालं असं, की परत जाणाऱ्या चादरी वाढायला लागल्या. धुवायच्या, परत पाठवायच्या, पुन्हा धुवायच्या. कापड विरायला लागलं. वॉर्डांत चादरी पुरेनात. शेवटी हॉस्पिटलनं कळवलं की वर्ष संपायच्या आत हे थांबलं नाही, तर काम बाहेरच्या कंपनीला जाईल. काम बाहेर गेलं की दोन्ही बाजू घरी. आत्याही, पहिलवानही, मीही.

एवढं डोक्यावर असताना आत्या भिंतीकडे बघून म्हणायची, "तिकडे धुतच नाहीत. नुसतं भिजवतात." आणि भिंतीतून आवाज यायचा, "तिकडे कुणाला तरी चष्मा बदलायला सांगा." दोघं एकमेकांशी बोलत नव्हते. दोघं भिंतीशी बोलत होते.

आधी एक हातात घड्याळ घेतलेला माणूस आला. तो माझ्यामागे उभा राहून माझ्या हातांचा वेग मोजायचा. तक्ते लावून गेला. परत जाणाऱ्या चादरी आणखी वाढल्या. मग मॅनेजरबाई कुणाच्या तरी सांगण्यावरून त्या म्हाताऱ्या डॉक्टरीणबाईंना भेटल्या, आणि डॉक्टरीणबाईंनी धाकटीला पाठवलं. तिचं हे पहिलंच काम. तिनं मॅनेजरबाईंना आधीच सांगितलं, "रोलरवर माझे भावोजी आहेत. नात्यातल्या ठिकाणी आम्ही शक्यतो काम घेत नाही."

मॅनेजरबाई म्हणाल्या, "रोलर बिघडलेला नाही. चालेल."

पहिल्या दिवशी फाटकापाशी ती थांबली.

"भावोजी, इथून आत तुम्ही माझे भावोजी नाही."

"मग कोण?"

"रोलरवाले."

"आणि तू?"

"माझं अजून ठरायचंय."

"आणि डबा? तो भावोजींनी आणायचा की रोलरवाल्यांनी?"

"डबा ताईचा आहे," ती म्हणाली. "तो कुणीही आणावा."

तिनं एक स्टूल मागितलं आणि बसली. काही विचारलं नाही, काही लिहिलं नाही. कुणी बोललं तर ऐकायची, नाही बोललं तर तेही ऐकायची. आठवड्याभरात तिचं नाव गप्पबाई पडलं. मला लाज वाटायला लागली. आमच्याकडे बसून पगार घेणारं कुणी नव्हतं. संध्याकाळी ती पाय गरम पाण्यात सोडून बसली होती, तेव्हा मी बोललोच.

"बसून इतके पाय दुखतात?"

तिला राग आला नाही. तिनं विचारलं, "रोलरवर तुमचे हात चालू असतात तेव्हा डोकं कुठे असतं?"

"असतं कुठेतरी. भाजीत, क्रिकेटमध्ये."

"माझं कुठे जाऊ शकत नाही. दिवसभर."

दुसऱ्या दिवशी चहाच्या सुट्टीत मी करून बघितलं. आत्या तिच्या गुडघ्याबद्दल सांगत होती. मी ठरवलं की नीट ऐकायचं, मनात उत्तर जुळवायचं नाही, माझ्या गुडघ्याची गोष्ट मधे आणायची नाही. चहा निवायच्या आत मी घामाघूम झालो. ओली चादर रोलरवर चढवणं त्यापेक्षा सोपं आहे. धाकटीच्या कामाबद्दलची माझी शंका तिथे संपली.

ती दोन्ही बाजूंना बसायची, आणि दर वेळी नियमाप्रमाणे अंघोळ करून यायची. दिवसातून कितीदा तरी. केस सतत ओले, नाक लाल. पहिलवान म्हणाला, "बाई, इतकं धुतलं तर रंग जाईल." ती खळखळून हसली आणि ते हसणं भिंतीच्या अलीकडे आम्हाला ऐकू आलं. आत्यानं मान वर केली. "तिकडे हसतात?" असं तिनं खरोखर विचारलं.

कोण तिच्याशी काय बोललं हे ती घरी कधीच सांगायची नाही. बायकोनं आडून विचारलं, समोरून विचारलं, भाजी चिरता चिरता विचारलं. ती बधली नाही. एकदाच म्हणाली, "माणसं नव्या माणसात जुनं माणूस बघतात. कुणाला मी हेर वाटते, कुणाला वकील, कुणाला आई. ते काढून टाकायचं नाही. ते काय आहे ते बघायचं."

"आणि तुमच्या त्या आत्याला तुझ्यात कोण दिसतं?"

"ताई!"

"राहू दे. सासू असणार."

मग तिनं बैठक सुरू केली. दर शुक्रवारी, एक तास, बॉयलरघर आणि सायकलींच्या छपरामधल्या मोकळ्या जागेत. ती जागा दोन्हींपैकी एकाही बाजूची नव्हती म्हणून. खुर्च्या गोल मांडल्या. यायचं त्यानं यावं, बोलायचं त्यानं बोलावं. तास सुरू व्हायचा वेळेवर आणि संपायचाही वेळेवर.

पहिल्या शुक्रवारी खुर्च्या गोल होत्या, तरी आम्ही त्यांचे दोन अर्धे केले. मधे दोन्हीकडे एकेक रिकामी खुर्ची. कुणी बोलेना. बॉयलरची शिट्टी झाली. कुणीतरी खोकलं. आत्या म्हणाली, "बाई, काहीतरी बोला. आम्ही काम सोडून आलोय." धाकटी म्हणाली, "हो. कठीण आहे." एवढंच. शेवटी पहिलवान उसळला.

"एकच सांगा बाई. चूक कुणाची?"

"मी सांगितलं तर काय होईल?"

"मिटेल!"

"काय मिटेल?"

पहिलवान अडकला. तोंड उघडं राहिलं. आत्या म्हणाली, "ह्यांचं काही मिटणार नाही. ह्यांचं तोंडच मिटत नाही."

सगळे हसले. पलीकडचेही हसले. पहिलवान लाल झाला, उठला, हात वर केला आणि म्हणाला, "आता माझं ऐकून घ्या, गेली कित्येक वर्षं आम्ही–"

"वेळ झाली," धाकटी म्हणाली. खुर्ची उचलली आणि गेली.

पहिलवान तसाच उभा, हात वर. आठवडाभर तो भिंतीपलीकडून गुरगुरत होता. वाक्य अर्धवट तोडते म्हणजे काय, मोठी आली. पुढच्या शुक्रवारी गोलात सगळ्यात आधी येऊन बसलेला माणूस तोच होता.

पण चादरी कमी होईनात. उलट वाढल्या. शुक्रवारी गाऱ्हाणी निघायची आणि शनिवारी घंटी जास्त वाजायची. मॅनेजरबाईंनी धाकटीला बोलावून घेतलं. त्यांचा आवाज बाहेर ऐकू आला. "तुम्ही आल्यापासून वाढलंय. वर्ष संपत आलं. मी हॉस्पिटलला काय सांगू, आम्ही गोल बसतो म्हणून?"

त्या रात्री जेवताना धाकटीचं ताट तसंच राहिलं. बायको म्हणाली, "सोड ते काम. फरशा आहेत तुझ्या. फरशा उलटून बोलत नाहीत."

"ताई, त्या खिडकीतून काहीतरी परत पाठवतायत लोक. डाग नाही तो. काय ते मला दिसत नाहीये."

"मग खिडकीत जाऊन बस," बायको म्हणाली. उपहासानं म्हणाली. धाकटीनं खरंच तसं केलं.

सोमवारी तिचं स्टूल परतीच्या खिडकीपाशी आलं. परत जाणारी प्रत्येक चादर तिच्या मांडीवरून जायला लागली. ती चादर उलगडायची, बघायची, पुन्हा घडी करून पलीकडे द्यायची. घडी मात्र तिला जमायची नाही. आत्यानं ते न बघवून दोनदा शिकवली. आठवडा असा गेला. मी रोलरवरून बघत होतो. गुरुवारी तिचा चेहरा बदलला. एक चादर हातात धरून ती बराच वेळ बसून राहिली, मग तिनं ती स्वतःच्या गुडघ्यांवर पसरली. चादर गुडघ्यांच्या खाली पोचत नव्हती.

शुक्रवारी तास सुरू झाला आणि पहिल्यांदाच ती आधी बोलली.

"मी आठवडाभर खिडकीत बसले. परत जातात त्या जवळजवळ सगळ्या लहान चादरी आहेत. मुलांच्या वॉर्डातल्या."

"लहान चादरीवर डाग लगेच दिसतो," आत्या म्हणाली.

"कितीतरी चादरींवर मला गोल दिसला. आत डाग दिसला नाही."

मला वाटलं, आता आत्या भडकणार. नजरेबद्दल बोललेलं ती खपवून घेत नाही. पण ती चष्म्याच्या दोरीशी चाळा करत बसली. बोलला तो पहिलवान, आणि इतक्या हळू की आम्हाला पुढे वाकावं लागलं.

"आमच्याकडेही त्या पिशव्या कुणी आधी उघडत नाही."

"का?"

"काय माहीत. मोठ्या पिशव्या आधी घेतो. त्या मागे सरकवतो. मग दुसऱ्या दिवशी सकाळी... राहिलेला डाग पक्का होतोच ना. काही डाग खरेच असतात, आत्या. ते आमच्यामुळेच."

तो भिंतीशी न बोलता आत्याशी बोलला, हे त्याच्या लक्षात आलं नसावं. आमच्या सगळ्यांच्या आलं.

आत्या म्हणाली, "मोठी चादर घडी केली की ती चादर असते. ती लहान घडी केली की एवढीशी होते. हाताच्या तळव्यात मावते. आणि मग वाटतं की–" ती थांबली. "मग वाटतं, अजून एकदा धुवावी. अजून नीट व्हावी. परत पाठवली की हातात राहत नाही."

मीही बोललो. बोलायचं ठरवलं नव्हतं. "लहान चादर रोलरवर आली की मी रोलरकडे बघत नाही, खिडकीबाहेर बघतो," असं मी म्हणालो. हे मला स्वतःलाच तेव्हा कळलं. त्या चादरींवर निजणारी मुलं बरी होतात की नाही, याचा विचार मी कधी केला नव्हता असं मला वाटत होतं. केला होता. रोज करत होतो आणि बाहेर बघत होतो.

धाकटी शांतपणे म्हणाली, "म्हणजे भिंतीच्या दोन्ही बाजूंना एकच काम चाललंय. ती चादर आपल्याकडे नको. दुसऱ्याकडे जाऊ दे."

बॉयलर घरघरत होता. तिनं घड्याळ बघितलं. "वेळ झाली."

तिनं खुर्ची उचलली आणि गेली. मला तेव्हा वाटलं, काय ही पोरगी, आता तरी थांबायचं. पण कुणी उठलं नाही. ती गेली आणि आम्ही बसून राहिलो, दोन्ही बाजू, तिच्याशिवाय. मग घडीच्या टेबलावरच्या एकीनं विचारलं, "पण त्या मुलांचं पुढे काय होतं?" आणि आम्ही एकमेकांकडे बघितलं. इतकी वर्षं आम्ही त्यांच्या चादरी धुतल्या होत्या. कुणालाच माहीत नव्हतं. कुणी विचारलंच नव्हतं.

"विचारूया की," पहिलवान म्हणाला. "हॉस्पिटल काय चंद्रावर आहे?"

पुढच्या शुक्रवारी मुलांच्या वॉर्डाच्या सिस्टर आल्या. आत्यानं आणि पहिलवानानं मिळून बोलावणं धाडलं होतं. बाई गोल, बुटक्या, खिशात रंगीत खडू, आवाज पहिलवानाच्या तोडीचा. धाकटी होती, पण खुर्ची जरा मागे घेऊन बसली होती. आत्यानं विचारलं. सिस्टरांनी ऐकून घेतलं आणि मग त्या हसायलाच लागल्या.

"अहो, तुम्हाला काय वाटलं? बहुतेक पोरं घरी जातात! दोन पायांवर नाचत जातात. जायच्या दिवशी पलंगावर उड्या मारतात, म्हणून तर स्प्रिंगा तुटतात माझ्या. आणि डाग? अर्धे डाग गुलाबी औषधाचे, अर्धे या खडूंचे. एकानं चादरीवर अख्खी आगगाडी काढली होती."

"ती आगगाडी होती?" पहिलवान म्हणाला. "मी ती दोन तास घासली!"

"चांगली होती हो. डब्यांना खिडक्यासुद्धा होत्या."

"होत्या," पहिलवान म्हणाला. "आठवतात मला. एकेक खिडकी घासलीय."

हसताना आत्याचा चष्मा घसरून दोरीवर लोंबकळला. मग सिस्टरांनी खडू खिशात ठेवले. "सगळी जात नाहीत," त्या म्हणाल्या. "खोटं कशाला सांगू. पण तेव्हा मी तिथे असते. मी हात धरलेला असतो. ते माझं काम आहे, तुमचं नव्हे. तुम्ही मला चादरी द्या. लहान चादरी मिळत नाहीत म्हणून मी मोठ्या दुमडून घालते, तर पोरं त्यात हरवतात. सकाळी शोधून काढावी लागतात."

त्या दिवशी वेळ झाली असं धाकटी म्हणाली तेव्हा पहिलवान म्हणाला, "बाई, कधीतरी वाक्य पुरं होऊ द्या." ती म्हणाली, "पुढच्या शुक्रवारी." आणि सगळे एकदम हसले, कारण तो काय म्हणणार आणि ती काय म्हणणार हे सगळ्यांना ठाऊक होतं.

शनिवारपासून मुलांच्या पिशव्या सगळ्यात आधी उघडल्या जायला लागल्या. पहिलवानानं तसा हुकूम काढला नाही, तो स्वतः त्या उचलायचा. आत्या लहान चादरी स्वतः घडी करायची आणि तळव्यावर घेऊन जरा दाबायची. घंटी कमी वाजायला लागली. मग इतकी कमी, की वाजली तर आम्ही दचकायचो. एकदा पलीकडून वाजली म्हणून आत्या तरातरा खिडकीत गेली, तर तिकडे पहिलवानानं पुन्हा कुणीतरी काढलेल्या आगगाडीची चादर वर धरली होती. धुण्याआधी आत्यानं बघावी म्हणून. जंतूंचा नियम मोडू नये, म्हणून खिडकीला सरकती काच बसवून घेतली. ती पहिलवानानंच मागितली. अंघोळीचा नियम आहे तसाच राहिला, कारण तो चांगला होता.

वर्ष संपायच्या आत हॉस्पिटलचं माणूस आलं, चादरींचे गठ्ठे बघितले, वॉर्डात विचारून आलं आणि काम आमच्याकडेच राहिलं. मॅनेजरबाईंनी दोन्ही बाजूंना एकत्र चहा दिला. बसथांब्यावरचा तो खांब अजून आहे. आता त्याला टेकून कोण उभं राहायचं यावरून भांडण होतं.

धाकटीचं काम संपलं. शुक्रवारची बैठक मात्र तिच्या मागेही चालू राहिली. "वेळ झाली" म्हणायचं काम आत्यानं घेतलं आणि ती ते नको तितक्या आनंदानं करायची.

कामाचा मोबदला हातात पडेपर्यंत धाकटी पहाटे चारलाच उठत होती. लॉन्ड्रीच्या सबंध काळात तिनं फरशा सोडल्या नव्हत्या. पैसे आले त्या दिवशी तिनं कचेरीत सांगितलं की आता येणार नाही, आणि शेवटच्या दिवशी कोपऱ्यांतली माती पुन्हा एकदा काढली. मग तिनं एका दुकानाच्या वर खोली घेतली आणि कोच घेतला.

तो कोच वर नेणं हे गेल्या कित्येक वर्षांतलं माझं सगळ्यात कठीण काम. जिना अरुंद, मधे वळण. पुढे पहिलवान, मागे मी, आणि खाली रस्त्यावर आत्या.

"तिरका करा! तिरका!"

"आत्या, तुम्ही डाग शोधा!"

"भिंत खरवडलीत! दिसतंय मला इथून!"

"रोलरवाले, उचला की," पहिलवान म्हणाला. "पगार मिळतो का बसून?"

"फाटकाच्या बाहेर मी भावोजी आहे," मी म्हणालो, पण दम लागल्यामुळे कुणाला कळलं नाही.

कोच खोलीत गेला. धाकटीनं आपली खुर्ची पडणाऱ्याच्या डोक्याच्या मागच्या बाजूला ठेवली. आधी कोण पडणार यावर चर्चा झाली. "बघू तरी काय असतं," म्हणत बायको आडवी झाली आणि लगेच बोलायला लागली. भाजीवाल्यापासून सुरुवात करून ती आईपर्यंत पोचली. मग एकदम थांबली. वर छताकडे बघत राहिली.

"काय गं, ऐकतेस ना?"

धाकटी काही बोलली नाही.

"हिनं उत्तर दिलं नाही," बायको उठून बसली आणि आम्हाला म्हणाली. डोळे पुसले. "बरं वाटतं की मेलं."

आत्यानं एक पुडकं आणलं होतं. त्यात डोक्याखाली घालायची फडकी होती, प्रत्येक माणसासाठी वेगळं घालता यावं म्हणून. पुन्हा पुन्हा धुऊन विरलेल्या, हॉस्पिटलनं टाकून दिलेल्या लहान चादरी कापून आत्यानं ती शिवली होती, कडा दुमडून, बारीक टाक्यांनी. एका फडक्याच्या कोपऱ्यात मेणाच्या पेन्सिलीचा फिकट गोल राहिला होता. आत्या म्हणाली, तो निघत नाही. पहिलवान म्हणाला, दे इकडे, मी काढतो. धाकटीनं ते फडकं दिलं नाही. तेच तिनं कोचावर पहिलं घातलं.

धाकटी आता साडेसहाला उठते. कारखान्यांतून, कचेऱ्यांतून तिला बोलावणी येतात, आणि संध्याकाळी तिच्या खोलीत माणसं येऊन बोलतात. तिचा कोच तिथेच आहे. फरशांच्या आणि लॉन्ड्रीच्या कमाईतून घेतलेला. घेतला त्या दिवशी मी खाली वाकून त्याचे चारही पाय हलवून बघितले होते. एकही हलला नाही.